सेकंड बेसवरचे सात सामने

यंदा माझ्या टीमने पहिल्या दहा सामन्यांपैकी आठ जिंकले. टीम अमेरिकेतली, खेळ बेसबॉलचा, आणि मी इंग्लंडात रीडिंगला राहणारी, साठी ओलांडलेली, कौन्सिलच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई. त्या टीमच्या शहरात मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. तरी सकाळी चहाबरोबर आधी तिचा निकाल बघते, मग बाकीचं जग. परवा दिलीप, म्हणजे माझा नवरा, खांद्यावरून डोकावून म्हणाला, "तुझी टीम जोरात आहे की. धिस कुड बी द इयर." मी टॅब्लेट पालथा ठेवला आणि म्हटलं, "जून येऊ दे." तो हसला, कारण त्याला ती माझी लकब वाटते. ते शब्द माझे नाहीत, बाबांचे आहेत. माझ्या तोंडून ते निघाले की मला स्वतःचाच राग येतो, आणि तरी दर वर्षी ते निघतातच.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून स्लाऊला आलो. ट्रेडिंग इस्टेटच्या मागे एका लांबलचक रांगेतलं घर होतं, दोन खोल्या खाली, दोन वर, आणि मागे इतकंसं अंगण की त्यात दोरीवर दोन चादरी वाळत घातल्या की आकाश संपायचं. डोक्यावरून विमानं जात आणि ती जाईपर्यंत घरातलं बोलणं थांबायचं. वाऱ्याची दिशा बदलली की फॅक्टरीतून चॉकलेटचा वास यायचा, आणि नेमकं त्याच वेळी आईच्या फोडणीचा ठसका लागलेला असायचा. हे दोन वास एकत्र आले की मला आजही भूक लागते आणि मळमळतंही. बैठकीच्या खोलीत निळ्या सुटातला फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती. रविवारी सकाळी आंघोळी उरकून आम्ही तिघं त्यासमोर बसायचो. त्रिशरण, पंचशील. आईचा आवाज उंच आणि जरा पुढे धावणारा, बाबांचा सावकाश, प्रत्येक शील सुटं करून म्हणणारा. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, हे बाबा अशा सुरात म्हणायचे की जणू कुणी समोर बसून लिहून घेतंय. वंदना संपली की आई स्वयंपाकघरात पळायची, कारण सांबारवड्या तळायच्या राहिलेल्या असत. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. स्लाऊत पंजाब्यांच्या दुकानात कोथिंबीर जुड्या-जुड्यांनी मिळायची, आई ती मसाला घालून पारीत गुंडाळायची आणि तळायची. त्या वड्या डब्यात भरून आम्ही मैदानावर जायचो.

मैदान इस्टेटच्या टोकाला होतं. पूर्वी कधीतरी एका अमेरिकन कंपनीच्या मॅनेजरने करमत नाही म्हणून गोडाउनमधल्या माणसांना बेसबॉल शिकवला. तो परत गेला. जाताना बॅटी आणि चामड्याचे ग्लव्ह ठेवून गेला, आणि इथल्या माणसांनी ते फेकून न देता खेळणं चालू ठेवलं. टीमचं नाव लोडर्स, कारण निम्मे लोक खरोखर लॉरीत माल चढवणारे. रीडिंग, ब्रिस्टल आणि आसपासच्या गावांत अशाच पाच-सहा टीम होत्या. सगळे मिळून एक लीग, तिला विचारणारं जगात कुणी नाही. बघायला आमच्याशिवाय चार बायका आणि दोन कुत्री. लोडर्स दर वर्षी एप्रिलमध्ये दोन-तीन सामने जिंकायचे आणि जूनमध्ये गळपटायचे. जूनमध्ये ओव्हरटाइम सुरू व्हायचा, कुणी स्पेनला सुट्टीवर जायचं, आणि चेंडू टाकणाऱ्या, म्हणजे पिचर असलेल्या, कॅप्टन डेरेकचा खांदा नेमका तेव्हाच धरायचा. म्हणून बाबांनी घरात नियम केला होता. जून येईपर्यंत "यंदा" हा शब्द काढायचा नाही. आईने एकदा वड्या तळता तळता सहज म्हटलं, "यंदा बरं चाललंय वाटते तुमचं," तर बाबा ताटावरून उठले नाहीत एवढंच. जो माणूस दृष्ट, नवस, मुहूर्त यांची नावं घेऊ देत नव्हता, तो बेसबॉलच्या बाबतीत मांजर आडवं गेल्यासारखा वागायचा. मी हे त्यांना बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, "हा अंधविश्वास नाही बेटा, हा अनुभव आहे."

बाबा त्याच कंपनीच्या गोडाउनमध्ये स्टॉक क्लार्क होते. नागपूरला बी.एस्सी., सरकारी कचेरीत अकरा वर्षं, आणि इथे येऊन खोक्यांवरचे नंबर तपासणं. बॅट त्यांनी कधी हातात धरली नाही. पण आम्ही आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात ते मैदानावर नुसते बघायला गेले, आणि लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणून डिक्शनरी शेजारी ठेवून दोन महिने वाचत बसले. एका सामन्यात जुन्या स्कोअररने लोडर्सची एक रन लिहायची राहून गेली. बाबा उठून अंपायरकडे गेले आणि त्यांनी सगळा डाव खेळाडूंच्या नावांसकट तोंडपाठ सांगितला. अंपायरने मान्य केलं. ती एक रन मिळाली म्हणून लोडर्स हरायचे वाचले. पुढच्या रविवारी डेरेकने स्कोअरबुक बाबांच्या मांडीवर ठेवलं. ही गोष्ट आमच्या घरी आल्या-गेल्या प्रत्येकाला ऐकावी लागायची. विहारात नवीन कुणी आलं की जयभीम झाल्यावर तिसऱ्या वाक्याला बाबा तिथे पोचायचे. आई तोंडाला पदर लावून हसायची, पण तिनेही ती कधी मध्येच तोडली नाही.

ती वही कशी भरतात ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बॅटवाल्याने चेंडू मारला आणि तो पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर, सुखरूप पोचला, तर स्कोअररला ठरवावं लागतं की ही मारणाऱ्याची करामत की पकडणाऱ्याची चूक. करामत असेल तर 'हिट', ते मारणाऱ्याच्या नावावर जमा होतं. पकडणाऱ्याने सोपा चेंडू घालवला असेल तर 'एरर', मग मारणाऱ्याला काही मिळत नाही. अंपायर यात बोलत नाही. पेन्सिल ज्याच्या हातात त्याचा निर्णय. बाबांचं अक्षर मोत्यासारखं आणि निर्णय तसाच स्वच्छ. त्यांच्यासारखा निःपक्षपाती माणूस साऱ्या लीगमध्ये नाही असं दुसऱ्या टीमचे लोकही म्हणायचे, आणि हे सांगताना बाबांचे कान लाल व्हायचे.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. सहा-सात वर्षं मी त्यांच्या बाजूला बसून खेळ बघत होते, आणि सराव चालू असताना बाहेर गेलेले चेंडू आणून देत होते. डेरेकने मला एक जुना ग्लव्ह दिला होता. संध्याकाळी शाळेतून आले की मी घरामागच्या भिंतीवर चेंडू मारायची आणि उडालेला पकडायची, शेजारची बाई खिडकी आपटेपर्यंत. त्या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्याला सेकंड बेसवरचा टेरी आला नाही. लागतात नऊ, माणसं आठच. डेरेकने इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाला, "सू, यू फॅन्सी अ गेम?" माझं नाव सुजाता, पण ते तिथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लीगच्या नियमांत मुलींबद्दल काहीच नव्हतं, कारण तसं काही होईल हे कुणाला सुचलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "डेरेक, शी इज अ गर्ल." डेरेक म्हणाला, "शी'ज गॉट हँड्स, मेट." त्या दिवशी मी एकाच चेंडूवर समोरच्यांचे दोघे बाद केले, एक स्वतः आणि एक पहिल्या बेसकडे फेकून. टेरी पुढच्या आठवड्यात आला, तेव्हा डेरेकने त्याला लांब उजवीकडे उभं केलं, जिथे चेंडू फारसा फिरकत नाही. सेकंड बेस माझा झाला.

शाळेत मी 'ती गप्प पाकी मुलगी' होते. पाकिस्तानशी माझा काय संबंध हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. घरी मी बाबांची मुलगी, विहारात बाबांची मुलगी. त्या धुळीच्या चौकोनात उभी राहिले की मी कुणाचीच कुणी नव्हते. चेंडू येतो, पकडायचा, फेकायचा. तिथे कुणी मला सांभाळून घेत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. मला आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतरही कशाची इतकी हाव वाटलेली नाही. मंगळवारपासून मी रविवारची वाट बघायची. आईने माझ्यासाठी पँट आखूड करून दिली, आधी बडबडली, मग स्वतःच गुडघ्यावर दुहेरी कापड शिवलं.

आम्ही जिंकत गेलो. दोन, तीन, चार. पाचव्या सामन्यानंतर डेरेकची बायको मैदानावर केक घेऊन आली आणि बाबांनी तो नको म्हणून सांगितलं, पोट बरं नाही असं कारण देऊन. पण घरी येताना सिग्नलला थांबल्यावर त्यांनी गाडीच्या स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता, तो मी मागून पाहिला. सहाव्यानंतर मी धीर करून विचारलं, "बाबा, लीग जिंकलो तर कप मिळतो का हो खरंच?" ते म्हणाले, "जून येऊ दे." पण तोंड फिरवून म्हणाले, म्हणजे हसू लपवत होते. त्या सहा सामन्यांत माझे दहा हिट होते. दहाही त्यांनीच लिहिलेले. आणि मला ठाऊक आहे, ते माझ्या बाबतीत चिक्कू होते. दुसऱ्या कुणाला हिट मिळालं असतं असे तीन तरी चेंडू त्यांनी समोरच्यांच्या एररमध्ये टाकले होते. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. त्यांचा स्वच्छपणा मला तेव्हा अभिमानाचा वाटायचा.

सातवा सामना रीडिंगशी होता. ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यांची टीम, सगळ्यांचे सारखे नवे कपडे, मागे नावं छापलेली. शेवटच्या डावात बरोबरी होती. मी चेंडू मारला, जमिनीलगत, जोरात. त्यांच्या माणसाने आडवं पडून हात लांबवला, चेंडू ग्लव्हच्या टोकाला चाटून पुढे गेला, मी पहिल्या बेसवर पोचले आणि तिसऱ्या बेसवरचा आमचा माणूस चौकोन पुरा करून रन घेऊन आला. आम्ही जिंकलो. ते हिट होतं. मी आजही सांगते, ते हिट होतं. बाबांनीही तसंच लिहिलं, मी जाऊन बघितलं. अकरावं.

मग सगळे डबा उघडून वड्या खात उभे होते. रीडिंगचा कॅप्टन हसत म्हणाला की आमच्या माणसाने तो पकडायला हवा होता. त्यावर टेरी तोंडात वडी असतानाच म्हणाला, "ईझी, इंट इट, व्हेन युअर ओल्ड मॅन'स गॉट द पेन्सिल." बापाच्याच हातात पेन्सिल, मग हिट मिळणं सोपंच, असा अर्थ. सगळे हसले. मीपण हसले. टेरी वाईट माणूस नव्हता. जागा गेल्याचा त्याला थोडा सल असेल, पण तो त्या वेळी नुसता बोलून गेला आणि दुसरी वडी उचलली. मी बाबांकडे बघितलं तर तेही हसत होते, ओठ उघडे आणि दात घट्ट मिटलेले. त्यांनी वही पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद बांधला, सोडला आणि परत बांधला.

आठवडाभर घरात काही वेगळं झालं नाही. पुढच्या रविवारी ब्रिस्टलची टीम आमच्याकडे आली होती. वंदना झाली, वड्या झाल्या, आम्ही गेलो. डेरेक नावं वाचायला लागला आणि "सेकंड बेस, टेरी" म्हणाला. मला वाटलं चुकून म्हणाला. मी ग्लव्ह घातलेलाच होता. डेरेक माझ्याजवळून जाताना खांद्यावर थोपटून म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज, लव्ह. यू डू व्हॉट यू'व्ह गॉट टु डू." मला अर्थ लागला नाही. मी बाबांकडे गेले. ते पेन्सिलीला टोक करत होते.

"बाबा, काय झालं? मला का नाही घेतलं?"

"घरी बोलू," ते म्हणाले आणि वर बघितलं नाही. मग त्यांनी वहीत टेरीचं नाव लिहिलं, जिथे माझं असायचं तिथे, त्याच सुंदर अक्षरात. मी शेजारी बसून ते बघितलं. तो सामनाही आम्ही जिंकलो. टेरीने दोन चांगले चेंडू पकडले. मी टाळ्या वाजवल्या, कारण न वाजवणं वाईट दिसलं असतं.

घरी आई पातोडीचा रस्सा करत होती. बेसनाच्या वड्या थापून झाल्या होत्या, घरभर तिखटाचा वास. मी दारातूनच विचारलं, "माझं काय चुकलं?"

बाबा बूट काढत होते. "काहीच नाही."

"मग डेरेकने मला का काढलं?"

"डेरेकने नाही. मी सांगितलं त्याला."

आईचा हात थांबला. "अहो, काहून?"

"टेरी बोलला ते ऐकलं नाही तू?" हे बाबा मला म्हणाले.

"ही वॉज जोकिंग, बाबा. टेरी सगळ्यांनाच बोलतो."

"आमच्या ऑफिसातले लोकही जोकच करत होते. अकरा वर्षं." बाबा बुटाची नाडी हातात धरून बसले. "मी परीक्षेत चौथा आलो होतो. ओपनच्या लिस्टमध्ये बेटा, चौथा. तरी रोज सकाळी खुर्चीवर बसायला गेलो की कोणीतरी म्हणायचा, सरकारचे जावई आले. फाइल बरोबर असली तर म्हणायचे, कोणाकडून करून घेतली. एक दिवस असा नाही गेला. मी तिथून निघालो ते त्या एका शब्दासाठी निघालो. इथे मला कोणी जावई म्हणत नाही. आणि माझ्या पोरीला पण कोणाला म्हणू देणार नाही मी."

"पण इथे कुणाला ते माहीतच नाही. टेरीला नागपूर कुठे आहे ते माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"माझे अकरा हिट आहेत. तुम्ही स्वतः लिहिलेत."

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "मी लिहिले, म्हणून त्याची काही किंमत नाही."

आई मध्ये पडली. ती बाबांशी कधी वाद घालायची नाही, निदान माझ्यासमोर तरी. त्या दिवशी झारा हातात घेऊनच पुढे आली. "अहो, तुम्हीच सांगता ना मला, का असा हात साऱ्या लीगमध्ये नाही? पोरगी चांगली खेळते म्हणून?"

"खेळते. फार चांगली खेळते. म्हणून तर तिच्याकडे कोणी बोट दाखवायला नको." असं म्हणून ते हात धुवायला गेले. विषय त्यांच्यापुरता संपला होता. मी फार चांगली खेळते असं ते माझ्यासमोर म्हणाले ते तेव्हा पहिल्यांदा, आणि तेही आईला, मला नव्हे. मी जेवले नाही. आईने पातोडी झाकून ठेवली, दुसऱ्या दिवशीही झाकून ठेवली, मग टाकून दिली.

आज मला त्यांची बाजू कळत नाही असं नाही. नको इतकी कळते. कौन्सिलमध्ये मला बढती मिळाली तेव्हा माझ्या मागे कुणीतरी डायव्हर्सिटीचं काहीबाही बोललं, तेव्हा मलाही 'सरकारचे जावई'च ऐकू आलं होतं. पण मी राजीनामा दिला नाही. आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तर मुळीच नेऊन बसवलं नाही. ज्यांनी त्यांना अकरा वर्षं छळलं ते नागपुरात आरामात पेन्शन घेत राहिले असतील, त्यांना स्लाऊ हे नावही माहीत नसेल. बाबांनी त्यांचं काम समुद्र ओलांडून इथे आणलं आणि माझ्यावर करून दाखवलं. हे मी त्यांना कधी या शब्दांत म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मी मैदानावर जाणं बंद केलं. बाबा रविवारी एकटे जायचे, आई डबा देईनाशी झाली. जून आला. डेरेकचा खांदा धरला, टेरी सुट्टीवर गेला, लोडर्स ओळीने तीन सामने हरले. तरीही सुरुवात इतकी जोरदार झाली होती की दोन सामने बाकी असताना कप हाताच्या टप्प्यात होता. एका शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली आणि डेरेक उभा. तो आमच्या घरी आधी कधी आला नव्हता. आत आला, पण बसेना. आईने त्याला बशीत काहीतरी दिलं, तो उभ्यानेच खात मला म्हणाला, "सो, सू, एक्झॅम्स ऑल डन? युअर डॅड सेड यू वर स्ट्रगलिंग, पुअर लव्ह. नीडेड युअर संडेज." मग म्हणाला की दोन सामने आहेत, टेरी नाही, तू हवीस.

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांनी डेरेकला खरं कारण सांगितलं नव्हतं. मी अभ्यासात कच्ची आहे असं सांगितलं होतं. मी वर्गात पहिल्या तिघांत होते, आणि हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर रविवारी सकाळी माझ्या शेजारी बसून खोटं बोलणार नाही म्हणणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान खाली होती आणि हात कठड्यावर. डेरेकला मी तिथेच सगळं सांगू शकले असते. तो आधी हसला असता, मग गोडाउनमध्ये सांगितलं असतं, आणि सोमवारी चहाच्या वेळी सगळी लोडिंग बे हसली असती. बाबांचं तिथे जे काही होतं ते त्यांचं अक्षर आणि त्यांचा शब्द, दुसरं काही नव्हतं. मला खेळायचं होतं. पण खेळावरून मन उडालं असं मी सांगितलं, "आय'व्ह गॉन ऑफ इट, डेरेक. सॉरी."

डेरेकने खांदे उडवले, आईला थँक्यू म्हटलं आणि गेला. बाबा माझ्यामागून स्वयंपाकघरात आले, ग्लासभर पाणी प्यायले आणि परत वर गेले. लोडर्सनी एक सामना जिंकला, एक हरला, आणि दुसरे आले. त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "सेकंड आलो. एवढं काही वाईट नाही." आईने त्यांना वाढलं नाही, पातेलं त्यांच्यासमोर सरकवून ठेवलं. त्यानंतर मी कधीच खेळले नाही. कॉलेजसाठी गाव सोडलं, मग नोकरी, मग दिलीप. बाबांनी आणखी एकोणीस वर्षं ती वही सांभाळली. शेवटी टीमच मोडली तेव्हा थांबले.

आई गेल्यावर बाबांना मी रीडिंगला माझ्याकडे आणलं. स्लाऊचं घर रिकामं करताना माळ्यावर सगळ्या वह्या सापडल्या, वर्षांप्रमाणे लावलेल्या. मी तो उन्हाळा शोधून काढला. सातव्या सामन्याच्या पानावर, शेवटच्या डावात, माझ्या नावासमोर एक खोडलेली खूण होती. कागद तिथे घासून पातळ झाला होता. हिट पुसून तिथे त्यांनी एरर लिहिलं होतं. म्हणजे माझे अकरा नव्हेत, दहाच.

ती वही घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. दुपार होती, ते खिडकीशी खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होते. वय नव्वदीच्या जवळ, ऐकू कमी येई, पण डोकं ठणठणीत. मी पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"बाबा, एक विचारू? टेरी म्हणाला पेन्सिल तुमच्या हातात आहे. बरोबर? मग तुम्ही पेन्सिल का नाही सोडली? दुसऱ्या कुणी वही लिहिली असती, मी खेळले असते. कुणी काही बोललं नसतं."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं होतं आणि मी प्रत्येक वेळी ते दाबलं होतं, कारण मला वाटायचं त्यांना सुचलंच नसेल. एका भाबड्या, दुखावलेल्या माणसाला नाही सुचत.

"विचार केला होता मी तो," बाबा म्हणाले. "तीन दिवस केला. पण वही मी मिळवली होती, बेटा. माझ्या हिमतीवर. या देशात तेवढी एकच गोष्ट मिळवली होती मी."

"आणि मी?"

त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं, म्हणून मी मोठ्याने परत विचारला. तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले, अगदी मायेने, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तू काय, तू तर घरचीच."